रामराम दंडवते

दिवाळीची सुट्टी संपल्यावर नागावच्या मराठी शाळेत मी दुय्यम मास्तर म्हणून रुजू झालो. एकोणीसशे वीस साल मागे पडून चारपाच वर्षं झाली असतील. पायरीवर वहाणा काढल्या, आत टेबलाशी बसलेल्या गृहस्थांना हात जोडले आणि म्हणालो, "रामराम."

ते म्हणाले, "ओ."

मी थांबलो. तेही माझ्याकडे बघत थांबले. उंच, हडकुळे, डोक्यावर काळी टोपी, कोटाची वरची दोन बटणं वेगवेगळ्या रंगांची. थोड्या वेळानं ते म्हणाले, "बोला ना. काय काम होतं?"

"मी नवा मास्तर. रोह्याहून आलोय."

"ते दिसतंच आहे. पण हाक कशाला मारलीत?"

"हाक नाही मारली. रामराम केला."

"तेच म्हणतो मी," ते शांतपणे म्हणाले. "माझं नाव रामराम. आडनाव दंडवते. पुष्कळांना वाटतं मी थट्टा करतो. मी कुणाची थट्टा करीत नाही. या, बसा."

हे आमचे मुख्य मास्तर. पुढं कितीतरी वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली, पण त्यांनी मला शेवटपर्यंत "नवे मास्तर" अशीच हाक मारली. माझं नाव त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. नावांच्या बाबतीत ते जपून असत एवढंच.

त्यांच्या नावाची हकीकत साऱ्या गावाला पाठ होती. बारशाच्या दिवशी पाळण्यातल्या मुलाचं नाव रघुनाथ ठेवायचं ठरलं होतं. आत्या वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, बायकांनी कुर्र केलं, आणि नेमके त्याच क्षणी आक्षीचे मामा दारात येऊन म्हणाले, "रामराम मंडळी." आत्या मोठी रीतीभातीची बाई. तिनं आहे त्या जागेवरून उत्तर दिलं, "रामराम." बाळाच्या कानात गेलं ते हेच. आईनं पदर डोळ्याला लावला, बायका म्हणाल्या पुन्हा म्हणा, परंतु आजोबा ओटीवरून उठून आले आणि म्हणाले, "कानात गेलेलं पाणी काढता येतं. नाव काढता येत नाही." झालं. रघुनाथ राहिला बाजूला.

एखादा माणूस अशा नावाला कंटाळला असता, दुसऱ्यानं बदलून घेतलं असतं. दंडवते मास्तरांनी ते फार मनावर घेतलं. हाक आली की ओ द्यायची, असा त्यांचा नेम. आता आमच्या त्या किनाऱ्यावर माणूस माणसाला भेटला की रामराम केल्याशिवाय पुढं जात नसे. माडाच्या वाडीतून, विहिरीवरून, बैलगाडीतून, सगळीकडून हेच. शाळा मास्तरांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती. तेवढ्या वाटेवर त्यांचा सकाळचा निम्मा वेळ जाई. कुंपणाच्या पलीकडे कुणी कुणाला रामराम केला की मास्तर उभे राहून म्हणत, "ओ. काय म्हणता?"

"तुमाला न्हाय मास्तर, या पांडूला म्हटला."

"असू दे. पांडूचं काय चाललंय?"

मग पांडूची गाय, पांडूच्या मुलीचा खोकला, पांडूच्या विहिरीचा रहाट. मुलं तोवर शाळेच्या आवारात हुतूतू खेळत. मी एकदा धीर करून म्हणालो, "मास्तर, तुम्हाला कळतं ना, की ती हाक तुम्हाला नसते?"

"कधीकधी असते," ते म्हणाले. "नेमकी कुठली असते ते आधी कसं कळणार?"



ते स्वतः मात्र कुणाला रामराम करीत नसत. स्वतःचंच नाव घेऊन दुसऱ्याच्या दारात कसं उभं राहायचं, ही त्यांची अडचण. नमस्कार त्यांना कोरडा वाटे. म्हणून त्यांनी स्वतःपुरती एक तोड काढली होती. माणूस दिसला की हात वर करून विचारायचे, "आहात का?" समोरच्यानं म्हणायचं, "आहे." परगावचे लोक दचकत. एका आजारी म्हाताऱ्याला तर ते ऐकून घाम फुटला होता. गावकऱ्यांना सवय झाली. "आहे मास्तर, आहे," असं म्हणत लोक पुढं जात.

एके दिवशी दुपारी शाळेत खालच्या आळीतला एक गडी आला. राघोअण्णा म्हणून वाडीवाले होते, त्यांच्याकडचा. मरणाची बातमी उघड्या शब्दांत सांगू नये अशी त्याला शिकवण असावी. दारात उभा राहून खाली मान घालून म्हणाला, "मास्तर, राघोअण्णांनी रामराम म्हटला."

मास्तरांनी खडू ठेवला, टोपी सारखी केली आणि छत्री घेऊन निघाले. मला अर्थ कळला होता, पण तो सांगायच्या आत ते आवाराबाहेर पोचले होते. मी मुलांना सोडून मागोमाग गेलो. जाऊन बघतो तर राघोअण्णांना अंगणात ठेवलेलं, बायका रडताहेत, आणि मास्तर छत्री हातात धरून त्यांच्या उशाशी उभे आहेत.

माझ्याकडे वळून ते हळू आवाजात म्हणाले, "हाक मारली म्हणून आलो. उशीर झाला."

मी म्हणालो, "मास्तर, बोलायची रीत असते ती."

"असेल," ते म्हणाले. "पण आता आलोच आहे." आणि त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला आणि खांदा द्यायला पुढं झाले. राघोअण्णांचं आणि त्यांचं येणंजाणं तसं फारसं नव्हतं. त्यानंतर मात्र दर वर्षी त्या तिथीला ते त्या घरी जाऊन बसत.

या सगळ्यात खरी कसरत होती ती त्यांच्या पत्नीची. त्यांना आम्ही माई म्हणत असू. ठेंगण्या, गोऱ्या, बोलण्यात चोख. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही हा त्या काळचा शिरस्ता, आणि माई शिरस्त्यात एक तसूही ढील देणाऱ्या नव्हत्या. त्यामुळे देवळात सगळ्या बायका रामनाम घेत तेव्हा त्या नुसते ओठ मिटून टाळ्या वाजवीत. रामनवमीला त्या "चैत्रातली नवमी" म्हणत. रामफळाला "ते लाल फळ". देवळातल्या मूर्तीबद्दल बोलायची वेळ आली तर "सीतामाईंचे ते". दारात येऊन कुणी "रामराम माई" म्हणाला की त्या आत वळून सांगत, "अहो, तुम्हाला बोलावताहेत."

जन्मात एकदा त्यांनी ते नाव घेण्याचा प्रयत्न केला होता, तो लग्नाच्या वरातीत उंबऱ्यावर. उखाण्याशिवाय आत घ्यायचं नाही म्हणून नणदा दार अडवून उभ्या. नव्या नवरीनं खाली मान घालून सुरुवात केली,

"समुद्राला आली भरती, होडी लागली धक्क्याला,
रामराम..."

तोच मांडवातले सगळे पुरुष एका सुरात म्हणाले, "रामराम, रामराम." आणि त्या गलबल्यात पुढची ओळ कुणाला ऐकू गेली नाही. नणदा म्हणाल्या, अर्धा उखाणा चालत नाही. पुन्हा म्हणायला लावला. पुन्हा पुरुषांनी मोठ्या अदबीनं उत्तर दिलं. अखेर सासऱ्यांनी सगळ्या पुरुषांना घराच्या मागं विहिरीकडे नेऊन उभं केलं, तेव्हा नवरी घरात आली. "होडी धक्क्याला लागली त्याचं पुढं काय झालं हो?" असं मी एकदा माईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "लागली ना घरात? मग झालं तर."

आता चांगू आणि पोशा यांचं सांगायला हवं. हे दोघं सख्खे भाऊ. बाप वारल्यावर वाडीची वाटणी झाली आणि मधे कुंपण पडलं. कुंपणाला लागून बापानं लावलेला एक माड होता. बुंधा थोरल्याच्या, म्हणजे चांगूच्या जागेत. पण माड वाकत वाकत असा गेला होता की शेंडा धाकट्या पोशाच्या अंगणावर. नारळ पडत ते पोशाकडे. चांगू म्हणे माड माझा, पोशा म्हणे अंगण माझं. त्यावरून बोलाचाली बंद झाली आणि ती अशी बंद झाली की पोशाच्या मुलीच्या लग्नात चांगू कुंपणापलीकडे पाठ करून बसला होता. शेवटी प्रकरण अलिबागच्या कोर्टात गेलं. शाळेच्या खिडकीतून तो माड दिसायचा, म्हणून साक्षीला दंडवते मास्तर. मीही सोबत गेलो.

पट्टेवाल्यानं दारात उभं राहून खणखणीत आवाजात पुकारा केला, "रामराम दंडवते."

व्हरांड्यात बसलेली खेड्यापाड्यांतली माणसं एकदम उठली. सरकारी माणूस इतक्या अदबीनं बोलतोय हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. कुणी हात जोडले, कुणी मुंडासं काढलं, "रामराम, दंडवत, दंडवत" असा एकच घोष झाला. पट्टेवाला रागावून पुन्हा ओरडला. लोकांनी पुन्हा उत्तर दिलं. त्या गर्दीतून वाट काढत मास्तर आत गेले.

मुन्सफ घाटावरून नुकतेच बदलून आलेले. त्यांनी मान वर न करता विचारलं, "नाव?"

"रामराम."

"रामराम. नाव सांगा."

"रामराम."

"झाला रामराम, मास्तर. नाव सांगा."

"साहेब, सांगितलं. आपणही दोनदा घेतलंत."

वकिलांनी उठून खुलासा केला. मुन्सफांनी चष्मा काढून पुसला. "बरं. आडनाव?"

"दंडवते."

मुन्सफांनी टाक खाली ठेवला. "मास्तर, हे कोर्ट आहे. इथं इतकं लवायचं कारण नाही. सरळ उभे राहून साक्ष द्या."

मास्तर सरळच उभे होते. साक्ष त्यांनी दिली ती अशी, की माड बापानं लावला, लावला तेव्हा तो सरळ होता, आणि दोन्ही मुलगे त्याला पाणी घालीत. वाकला कधी, असं वकिलांनी विचारलं. मास्तर म्हणाले, "भाऊ बोलेनासे झाल्यावर वाकला, असं गावात म्हणतात. मला वाटतं वाऱ्यानं." कोर्ट हसलं आणि पुढची तारीख पडली.

आम्ही आक्षीवरून पायी परत निघालो. चांगू सगळ्यांत पुढं, मधे आम्ही दोघं, मागं बऱ्याच अंतरावर पोशा. ऊन्ह कडक होतं. चांगू हा मास्तरांचा लहानपणचा सोबती. गावात त्यांना नुसत्या नावानं हाक मारणारा तो एकटाच. डोक्याला ऊन्ह लागतंय म्हणून मास्तरांनी त्याला आपली छत्री दिली होती. नागावात शिरल्यावर चांगू आपल्या वाडीत वळला, पोशा आपल्या. आम्ही पुढं निघालो. तेवढ्यात छत्री आपल्याकडेच राहिली हे चांगूच्या लक्षात आलं. त्यानं कुंपणाशी येऊन मोठ्यानं हाक मारली,

"रामराम."

कुंपणाच्या पलीकडे, त्या वाकलेल्या माडाखाली पोशा पाय धुवायला उभा होता. तांब्या त्याच्या हातातच राहिला. कितीतरी वर्षांत थोरल्या भावाच्या तोंडून त्याच्या दिशेनं एक शब्द आला नव्हता. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला आणि तो म्हणाला,

"रामराम, दादा."

चांगू तोंड उघडं टाकून उभा राहिला. छत्री उंच धरलेला हात तसाच. मी मास्तरांकडे बघितलं. हाक त्यांना स्पष्ट ऐकू गेली होती. त्यांची मान वळू लागलेली मी पाहिली, ओठही हलले. आणि मग त्यांनी ती मान परत सरळ केली, आणि मला दंडाला धरून जवळजवळ पळवतच पुढं नेलं. नाक्याचं वळण येईपर्यंत त्यांनी मागं पाहिलं नाही.

"मास्तर, तुम्हाला हाक मारली," मी म्हणालो.

"हो का? ऐकू नाही आली."

"छत्री राहिली तुमची."

"राहू दे."

चांगूनं पुढं काय केलं हे आम्ही पाहिलं नाही. पोशाच्या बायकोनं माईंना सांगितलं ते असं, की त्यानं छत्री हळूच पाठीमागं घेतली आणि म्हणाला, "कोर्टात लय ऊन्ह होतं, न्हाय?" पोशा म्हणाला, "व्हय, लय होतं." पुढच्या तारखेला दोघं एकाच बैलगाडीतून अलिबागला गेले आणि दावा काढून घेऊन आले.

अडचण एवढीच झाली की छत्री परत करायची कशी हे चांगूला कळेना. परत करायची म्हणजे ती हाक कुणाला होती हे कबूल करणं आलं. त्यानं ती आढ्याला अडकवून ठेवली. मास्तरांनी मागितली नाही. तो अख्खा पावसाळा आमचे मुख्य मास्तर शेतकऱ्यासारखं डोक्यावर पानांचं इरलं घेऊन शाळेत आले. वरून तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याबद्दल विचारलं, तेव्हा म्हणाले, "यात दोन्ही हात मोकळे राहतात."

त्यानंतर दोनतीन वर्षांनी माईंना ताप आला. साधा म्हणून सोडला तो मुदतीचा निघाला. चौलचे वैद्य येऊन जात. मास्तर शाळेत येईनासे झाले, शाळा मी पाहत असे. एका दुपारी मुलं सोडून मी त्यांच्याकडे गेलो तर ओटीवर आळीतल्या बायका जमलेल्या. माईंची शुद्ध गेली होती. डोळे मिटलेले, ओठ सुकलेले, आणि त्या सुकलेल्या ओठांतून एकसारखं येत होतं, "रामराम... रामराम..."

शेजारच्या मथूकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "पुण्याची बाई. जन्मभर नाव घेतलं नाही, शेवटी देवानं घ्यायला लावलं." कुणी तुळशीपत्र आणलं, कुणी गंगेची लोटी. खाटेवरून खाली घ्यायची वेळ झाली असं बायकांचं ठरलं आणि जमीन सारवायला एक जण उठलीही.

मास्तर खाटेशी पाटावर बसले होते. माईंच्या तोंडून नाव आलं की ते म्हणत, "ओ." पुन्हा नाव आलं की पुन्हा, "ओ. आहे मी."

मथूकाकू पुढं झाल्या. "मास्तर, नाम घेतेय ती. मधे बोलू नये."

"ती मला हाक मारतेय," मास्तर म्हणाले.

"अहो, शुद्धीत नाही ती. देवाला बोलावतेय."

"देवाला बोलावत असेल तर देव ओ देईल," ते म्हणाले. "मला बोलावत असेल तर मी नको द्यायला?"

"खाली घ्यायला हवं तिला."

"खाली घ्यायचं नाही. कुणी हात लावायचा नाही." इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. सारवायला उठलेली बाई शेणाचा गोळा हातात घेऊन तशीच उभी राहिली. बायका पुटपुटत ओटीवर आल्या. मी दारात उभा होतो. आतून नाव येई आणि मागोमाग ओ येई. ऐकता ऐकता मला असं वाटू लागलं, की आळीतला दुसरा सगळा आवाज बंद झालाय. मास्तरांचा घसा बसला, शब्द फुटेना, तरी ओठ हलायचे राहिले नाहीत.

दिवेलागणीला माईंना दरदरून घाम आला. डोळे उघडले. समोर नवऱ्याला बघून त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "अहो, पाणी."

बऱ्या व्हायला त्यांना महिना लागला. आणि बऱ्या झाल्यावर झाला प्रकार कळला तेव्हा त्या दुखण्याहून जास्त खचल्या. "सगळ्या आळीसमोर नाव घेतलं मी?" त्यांनी मास्तरांना विचारलं.

"घेतलंस."

"आणि तुम्ही घेऊ दिलंत?"

"मी ओ देत होतो," मास्तर म्हणाले.

माईंनी भटजींना बोलावून प्रायश्चित्त विचारलं. भटजी चक्रावले. "माई, रामनामाला प्रायश्चित्त कुठल्या शास्त्रात नाही. उलट पुण्यच लागलं असेल."

"तुम्ही देवाचं सांगताय," माई म्हणाल्या, "मी घरचं विचारतेय."

भटजींनी पंचांग चाळलं, आणि काहीच न सापडल्यामुळे पाच सोमवार एकभुक्त राहायला सांगून ते निघून गेले. माईंबरोबर मास्तरही पाच सोमवार एकभुक्त राहिले. का, असं मी विचारलं तर म्हणाले, "नाव माझंच होतं ना."

मी एकदा त्यांना विचारलं, की समजा, ती हाक खरोखर देवालाच असती तर? ते विचार करून म्हणाले, "मग देवाच्या आधी मी पोचलो. बिघडलं काय?"

पुढं माझी बदली महाडकडे झाली. निरोपसमारंभ आदल्या दिवशीच शाळेत उरकला होता. दोन्ही बाजूंनी बोलायचं ते बोलून झालं होतं. सकाळी टांगा त्यांच्या घरावरून गेला. कांद्याचा हंगाम होता. अंगणात पांढऱ्या कांद्यांचा ढीग पडलेला आणि दोघं समोरासमोर बसून त्यांच्या माळा विणत होती. माईंची माळ दोरखंडासारखी घट्ट, खांबाला टांगलेली. मास्तरांची जमिनीवर वेडीवाकडी. माई काहीतरी समजावून सांगत होत्या आणि ते पातीत पात अडकवून मान हलवीत होते. टांगा कुंपणाशी आला तेव्हा ते आपली माळ दोन्ही हातांनी उंच धरून बायकोला दाखवायला उभे राहिले. ती मधेच सुटली. कांदे अंगणभर घरंगळले, काही पायरीवरून टप्पे घेत रस्त्यावर आले, घोडा बिचकून बाजूला झाला. मास्तर धोतर सावरत त्यांच्यामागं धावले. माई आधी कपाळाला हात लावून बसल्या, मग पदर खोचून त्याही उठल्या. दोघांचंही टांग्याकडे लक्ष नव्हतं. टांगेवाल्यानं लगाम ओढला, पण मी त्याला म्हटलं, चल. वळणावरून मागं पाहिलं तेव्हा माई सुपारीच्या झाडाखाली ओणव्या होऊन कांदे ओच्यात भरीत होत्या, आणि मास्तर रस्त्याच्या मधोमध उकिडवे बसून एकच कांदा हातात घेऊन, त्याला फुंकर मारून माती झाडत होते.